आतड्यातली शाळा

एसटीच्या नव्या विजेच्या गाड्या चौपदरी रस्त्यावर आपल्या आपण चालायच्या. चालकाने समोर बघत बसावं, एवढंच काम. पण आंबा घाट लागला आणि धुकं उतरलं की गाडीच्या पडद्यावर पिवळी अक्षरं यायची : 'चालकाने ताबा घ्यावा.' मग ताबा घेणाऱ्याला घाट येत असावा लागायचा. मलकापूर आगारात नव्या चालकांना तो घाट शिकवायचं काम वैजयंती खोतकडे होतं. एसटीत बायका चालक म्हणून भरती होऊ लागल्या तेव्हाच्या सुरुवातीच्या तुकडीतली ती. वय पन्नाशीला टेकलेलं, बांधा आडवा, आवाज असा की शेवटच्या सीटवर पेंगणारा प्रवासीही सावरून बसावा. इतक्या वर्षांत तिच्या हातून गाडीला साधा ओरखडा आला नव्हता, आणि हे ती कुणी न विचारताही सांगायची.

त्या दिवशी साखरप्याकडून घाट चढताना, शिकाऊ चालक मागे बसलेले असताना, तिला दम लागला. आधी वाटलं, धुक्यामुळे. मग स्टिअरिंगवरचे हात कुणा दुसऱ्याचेच असल्यासारखे हलके वाटू लागले. तिने गाडी वळणाच्या आधीच्या मोकळ्या जागेत घेतली, हँडब्रेक लावला आणि मागच्या मुलीला म्हणाली, "ये पुढं. घे तू."

स्वतः चालवायला बसल्यावर घाटात मध्येच तिने स्टिअरिंग दुसऱ्याच्या हाती दिल्याची ही पहिलीच वेळ. बातमी तिच्या आधी स्टँडवर पोचली.

स्टँडच्या बाहेर तिच्या नवऱ्याची, संग्रामची, खानावळ होती. तो गल्ला सोडून धावत आला. "काय झालं गं वैजू?"

"काय न्हाई. दम लागला."

"तुला? घाटात?"

रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन इतकं खाली गेलेलं की गावातल्या डॉक्टरांनी नळी दुसऱ्यांदा भरून घेतली. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. संग्रामने खानावळीतून रोज बीट, खजूर, काळजाचं सुकं असं काय काय डब्यात भरून द्यायला सुरुवात केली. हिमोग्लोबिन वर चढायचं आणि परत घसरायचं. रक्त कुठेतरी झिरपत होतं. वैजयंतीने शौचाचा रंग काळा झालाय हे सांगायलाही लाजेपायी बरेच दिवस घेतले. सांगितल्यावर डॉक्टरांनी तडक मिरजेला पाठवलं.

मिरजेच्या कर्करोग रुग्णालयात तिला एक कॅप्सूल गिळायला दिली. बोराच्या बीएवढी. आत कॅमेरा असलेल्या अशा कॅप्सूल फार पूर्वीपासून होत्या. ही त्यांच्या पुढची. वाटेत काही संशयास्पद दिसलं की ती तिथे थांबायची, चिमटीभर पेशी खरवडून घ्यायची आणि त्या पेशींचं जन्मठिकाण वाचायची. आपल्या शरीरातल्या सगळ्या पेशींत मजकूर एकच असतो, पण कुठला भाग वाचायचा आणि कुठला झाकून ठेवायचा याच्या बारीक रासायनिक खुणा प्रत्येक अवयवात वेगळ्या असतात. यकृताची पेशी मेंदूत जाऊन बसली तरी तिच्या अंगावर यकृताच्याच खुणा राहतात. कॅप्सूल त्या खुणा वाचून सांगायची, की ही पेशी मूळची कुठली.

दोन दिवसांनी डॉ. नसीमा मुजावर यांनी नवराबायकोला बोलावलं. डॉक्टर मिरजेच्याच, चाळिशीतल्या, बोलणं मऊ पण गोल गोल नाही.

"लहान आतड्यात गाठ आहे, वैजयंतीताई. रक्त तिथूनच जातंय."

"बरं," वैजयंती म्हणाली.

"पण ती आतड्याची नाही."

संग्रामला कळेना. "आतड्यात आहे आणि आतड्याची नाही? असं कसं ओ डॉक्टर?"

"आम्हालाही आधी वाटलं, नमुना बदलला असेल. म्हणून परत तपासला. त्या पेशी हृदयातल्या आहेत."

हृदयाचं स्कॅन झालं आणि संशय उरला नाही. उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात, भिंतीलाच धरून, एक गाठ वाढत होती. हृदयाचा कर्करोग म्हणून एक आजार असतो हेच संग्रामला ठाऊक नव्हतं. डॉक्टर म्हणाल्या, पुष्कळ डॉक्टरांनाही तो आयुष्यात एकदाही दिसत नाही. हृदयाच्या स्नायूंच्या पेशी लहानपणानंतर जवळजवळ विभागतच नाहीत, आणि जिथे नव्या पेशी होत नाहीत तिथे चुकाही सहसा होत नाहीत. पण हृदयाच्या भिंतीत रक्तवाहिन्या असतात, त्यांना अस्तर असतं. क्वचित कुणाच्या बाबतीत त्या अस्तराची एखादी पेशी बिघडते. तिथून ती सरळ रक्तातच पडते आणि रक्त नेईल तिथे जाते. बहुतेकदा फुप्फुसात रुजते. आतड्यात रुजणं हे दुर्मिळातलं दुर्मिळ.

"किती दिवस?" वैजयंतीने विचारलं.

संग्राम म्हणाला, "वैजू, असलं काय विचारतीस?"

"मला विचारू द्या, अहो."

डॉ. मुजावर यांनी नजर चुकवली नाही. "नेहमीच्या उपचारांनी बहुतेकांना वर्षही मिळत नाही. हृदयातली गाठ भिंतीत इतकी रुतलेली आहे, की ती कापायला गेलं तर भिंतच राहणार नाही."

वैजयंतीने पदराने चेहरा पुसला. घाम आला नव्हता, तरी पुसला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दोन वाटा समोर ठेवल्या. पहिली सरळ होती. आतड्यातली गाठ लगेच काढायची, म्हणजे रक्तस्राव थांबेल, थकवा जाईल. मग केमो, आणि जेवढे चांगले महिने मिळतील तेवढे.

दुसरी वाट त्या सांगायला लागल्या तेव्हा त्यांचा आवाज बदलला. बरीच वर्षं त्या या एकाच गोष्टीमागे होत्या.

"आपल्या शरीराचं संरक्षण करणाऱ्या पेशी सगळ्यात जास्त कुठे असतात, माहीत आहे? आतड्यात. रोज बाहेरचं अन्न, बाहेरचे जंतू तिथून जातात, म्हणून सगळा पहारा तिथेच. हृदयात पहारा कमी. तिथली गाठ आडोशाला वाढली, कुणी तिला पाहिलंच नाही. पण तीच गाठ आतड्यात येऊन बसली ती भर पहाऱ्यात. तुमच्या गाठीभोवती आम्हाला तुमच्याच संरक्षक पेशींचा गराडा दिसतोय. त्यांनी तिला ओळखलंय."

"मग मारत का नाहीत?" संग्रामने विचारलं.

"गाठ एक रसायन सोडते. त्याने त्या पेशींना ब्रेक लागतो. तो ब्रेक आपण काढू शकतो. निरुपद्रवी जंतू आहेत, आम्ही घडवलेले. ते फक्त गाठीच्या पृष्ठभागावर रुजतात आणि तिथल्या तिथे ब्रेक काढणारं औषध बनवतात. मग तुमच्या पेशी त्या गाठीवर शिकतील, वाढतील. आतड्यातली गाठ म्हणजे त्यांची शाळा. पुरेशा तयार झाल्या की आम्ही त्या रक्तातून वेगळ्या काढू. आतड्यात शिकलेली पेशी पुन्हा आतड्याकडेच जाते, तिच्यावर तसा पत्ता असतो. तो बदलून हृदयाचा पत्ता घालू आणि परत तुमच्या शरीरात सोडू."

"म्हणजे आतड्यातली गाठ..."

"राहू द्यायची. काही आठवडे. रक्तस्राव होत राहील, आम्ही रक्त चढवत राहू. गाठ फुटू शकते. आणि पेशी हृदयात पोचल्यावर तिथे सूज येईल, ती झेपेलच असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या अवयवांच्या गाठींवर आम्ही हे केलंय. हृदयाच्या गाठीवर अजून कुणीच नाही."

संग्राम उठून उभा राहिला. "गाठ काढा. पहिल्यांदा ती काढा."

त्या दुपारी त्यांची मुलगी स्वराली पुण्याहून आली. ती इमारतींच्या आराखड्यांचं काम करायची. भार कुठे पडतो आणि कशाने पेलतो हे बघायची तिला सवय. वाटेत तिने मिळेल ते सगळं वाचलं होतं. रुग्णालयाच्या उपाहारगृहात तिघं बसली.

"आई, पप्पांचं बरोबर आहे," ती म्हणाली. "ज्याचा एकही पुरावा नाही त्यात तू पहिली कशाला?"

"कुणीतरी पहिलं असतंच."

"ते एसटीत ठीक होतं गं."

संग्राम ताटातल्या भाताशी खेळत होता. बाहेरचं जेवण त्याला कधी गोड लागत नसे. "मी रोज तुला डबा देत होतो," तो म्हणाला, "आणि ते सगळं त्या गाठीवरनं जात होतं. ती बसून खात होती. मला नको ती आत. एक दिवस पण नको."

वैजयंतीने त्याच्या मनगटावर हात ठेवला. "आतड्यातली काढली तरी काळजातली राहणारच की. मग मी घरी बसून काय करायचं? वाट बघायची? ह्यात निदान मी कायतरी करत असणार. माझ्याच पेशी लढणार आहेत म्हणतात. मला तर बाई अभिमानच वाटला ऐकून. न शिकवता ओळखलं त्यांनी."

स्वरालीला हसूही आलं आणि रडूही. "तू ना," एवढंच म्हणून तिने तोंड फिरवलं.

संमतीपत्रावर वैजयंतीने सही केली. संग्रामने साक्षीदार म्हणून सही करायला नकार दिला. स्वरालीने केली, पण बापाशी त्यानंतर तिचं दोन दिवस बोलणं नव्हतं.

औषध पेल्यातून आलं. पांढरं, दाटसर, आंबूस. त्यात ते जंतू होते. संग्राम रुसून कोपऱ्यात बसला होता, पण पेला बघून त्याच्यातला खानावळवाला जागा झाला. त्याने वाकून वास घेतला. "ह्याचं विरजण कुठनं आणता?"

"प्रयोगशाळेतून," डॉ. मुजावर म्हणाल्या.

"जरा जास्तच आंबलंय."

"चवीकडे आमचं लक्ष गेलं नाही खरं."

वैजयंती पहिल्यांदाच खळखळून हसली आणि पेला संपवला.

ताप चढायला लागला तो चांगला म्हणे. पेशी जाग्या झाल्याची खूण. डॉक्टर रोज रक्त काढायच्या आणि त्यात शिकलेल्या पेशी किती झाल्या ते मोजायच्या. आकडा हळूहळू वाढायचा. दुसरीकडे अंगातलं रक्त गळत होतं. ओठ पांढरे पडले, उठून बसायलाही आधार लागायला लागला. रक्ताची गरज आगारात कळली आणि एका सकाळी रुग्णालयाच्या आवारात एसटीची गाडी येऊन थांबली. उतरल्या त्या सगळ्या वैजयंतीच्या हाताखाली घाट शिकलेल्या बायका. कुणी रजा टाकून आलेली, कुणी रात्रपाळी संपवून. रक्तपेढीतला माणूस म्हणाला, एवढ्या एकदम नकोत, पाळीपाळीने या. त्यांनी तिथल्या तिथे पाळ्या लावल्या.

संग्राम पायरीवर उभा राहून हे बघत होता. त्याच्या खानावळीत जेवणाऱ्या या पोरी. त्यातली एक त्याला म्हणाली, "काका, मॅडमनी मला घाटात तीन वेळा रडवलंय. मी रक्त देणार म्हणजे देणार." संग्राम आत गेला आणि वैजयंतीला म्हणाला, "तुझी माणसं आलीत." ते म्हणताना त्याच्या आवाजात नुसतं दुःख नव्हतं.

मग तो वाईट दिवस आला. दुपारी वैजयंतीला शौचाला लागोपाठ रक्त पडलं, रक्तदाब कोसळला, पलंगाभोवती माणसं जमली. सर्जन डॉ. आवटी म्हणाले, आतडं आत्ता उघडावं, गाठ काढून मोकळं व्हावं. डॉ. मुजावर म्हणाल्या, पेशी अजून पुरेशा नाहीत, गाठ काढली की शाळा बंद. दुर्बिणीतून जाऊन फुटलेली रक्तवाहिनी चिमट्याने बंद करता येईल. टिकेल की नाही सांगता येणार नाही. दोघांचंही म्हणणं खरं होतं.

"तिला विचारू," डॉ. मुजावर म्हणाल्या.

संग्रामने त्यांना दारातच अडवलं. "मॅडम, ती माझी बायको आहे. तुमची प्रयोगशाळा नाही."

"म्हणूनच तिला विचारते, संग्रामराव. प्रयोगशाळेला कुणी विचारत नाही."

तो बाजूला झाला. डॉक्टरांनी पलंगाशी वाकून दोन्ही गोष्टी, दोन्हींतले धोके, थोडक्यात सांगितले. वैजयंतीचे डोळे अर्धवट मिटलेले होते. तिने आधी विचारलं, "पेशी किती झाल्या?"

"निम्म्याच्या वर."

"मग मधेच कशाला सोडायच्या? चिमटा लावा."

चिमटा लागला. रक्त थांबलं. पुढचे काही दिवस वैजयंतीने कूस बदलतानाही श्वास रोखून धरला, आणि संग्राम खुर्ची सोडून हलला नाही. आता तो स्वतःच रोज डॉक्टरांना विचारायचा, "आज किती झाल्या?" आकडा वाढलेला असला की तो फोन करून स्वरालीला सांगायचा. "तुझ्या आईच्या पेशी जोरात आहेत," म्हणायचा, जशा काही परीक्षेत पास झाल्यात.

शेवटी पुरेशा झाल्या. एका यंत्रातून तिचं रक्त फिरवून त्या वेगळ्या काढल्या, त्यांच्यावर हृदयाचा पत्ता चढवला आणि एका छोट्या पिशवीतून शिरेवाटे परत सोडल्या. पिशवी रिकामी व्हायला चहा गार व्हायला लागतो तेवढाच वेळ लागला. संग्रामला वाटलं होतं, काहीतरी मोठं दिसेल. काहीच दिसलं नाही.

दिसलं ते नंतर. हृदय सुजलं. ठोके सैरावैरा पळू लागले, मध्येच अडखळू लागले. अतिदक्षता विभागाच्या काचेबाहेर स्वराली आणि संग्राम एकमेकांना टेकून उभे राहायचे. सहीवरून दोघांमध्ये उरलेली अढी त्या दिवसांत कधी गेली ते त्यांनाही कळलं नाही. "भिंतीवर भार येतोय," स्वराली पडद्यावरच्या रेषांकडे बघत म्हणायची, "पण भिंत धरून आहे, पप्पा." तिला वैद्यकातलं काही कळत नव्हतं, पण संग्रामला ते ऐकायला बरं वाटायचं.

ठोके हळूहळू रुळावर आले. नव्या स्कॅनमध्ये हृदयातली गाठ निम्म्याहून कमी झाली होती आणि, महत्त्वाचं म्हणजे, भिंतीपासून सुटून आक्रसली होती. डॉ. आवटींनी ते चित्र बराच वेळ बघितलं. "आता हिला हात लावता येईल," ते म्हणाले. उरलेली गाठ काढायची, तिथे वैजयंतीच्याच पेशींपासून वाढवलेला स्नायूचा तुकडा शिवायचा. त्याच वेळी आतड्यातलीही काढायची, तिचं काम संपलं होतं. दिवस ठरला.

आणि मग डॉ. मुजावर पुन्हा एकदा खुर्ची ओढून बसल्या.

"एक विचारायचंय. तुम्ही नाही म्हणालात तर मी इथून उठेन आणि हा विषय परत निघणार नाही."

ओडिशात एक तरुण होता. शाळेत गणित शिकवायचा. त्याच्या हृदयात हीच गाठ, पण आतड्यात काही नाही, त्यामुळे त्याच्या पेशींना शिकायला जागा नाही. वैजयंतीची शिकलेली पेशी त्याला चालेल का, हे बघितलं होतं. एका माणसाची पेशी दुसऱ्याला चालायला दोघांच्या पेशींवरच्या ओळखीच्या खुणा जुळाव्या लागतात. परक्या माणसाशी त्या जुळणं फार अवघड. या दोघांच्या पुरेशा जुळत होत्या. वैजयंतीच्या पेशींनी गाठ कशी ओळखली याचा नकाशा वाचून झाला होता. त्यावरून प्रयोगशाळेत कुणासाठीही पेशी बनवता येतील, पण त्याला निदान सहा महिने लागतील. त्या तरुणाकडे ते नव्हते.

"तुमच्याच तयार पेशी त्याला द्यायच्या तर आणखी थोड्या लागतील. म्हणजे आतड्यातली गाठ अजून काही दिवस ठेवावी लागेल. तुमचं ऑपरेशन पुढे जाईल. तुम्हाला ह्याचा फायदा काही नाही. धोका आहे. परत रक्तस्राव होऊ शकतो."

वैजयंतीने नवऱ्याकडे बघितलं. या वेळी ती एकटी ठरवणार नव्हती. पहिल्या दिवसापासून या माणसाला ती गाठ नको होती, आणि आता कुठे ती निघायचा दिवस ठरला होता.

संग्राम खिडकीकडे गेला. खाली आवारात कुणाचे तरी नातेवाईक झाडाखाली डबा उघडून जेवत होते.

"त्याच्या घरी कोण कोण आहे?" त्याने विचारलं.

"ते मला सांगता येत नाही."

"बरोबर आहे." तो परत आला, पलंगाच्या कडेला बसला. "मला ती गाठ एक दिवस पण नको होती. तुम्हाला माहीत आहे. अजून पण नकोच आहे." मग बायकोला म्हणाला, "पण तुझ्या पेशींनी जे केलं ते साऱ्या जगात कुणाच्या पेशींनी केलं नाही, वैजू. ते एवढ्यावरच कशाला थांबवायचं? राहू दे अजून थोडे दिवस. मी आहे."

वैजयंतीला वाटलं होतं, त्याला समजावायला लागेल. त्यासाठी तिने मनात वाक्यंही जुळवली होती. ती सगळी तशीच राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली होती. आपला नवरा चांगला स्वयंपाक करतो, हिशोबाला चोख आहे, शब्दाला जागतो, हे तिला माहीत होतं. तो एवढा मोठा आहे हे तिने त्या दिवशी बघितलं.

त्या वाढीव दिवसांत पुन्हा एकदा रक्त पडलं, पुन्हा चिमटा लागला. पुन्हा मलकापूरहून बायका आल्या. एक पिशवी थंड पेटीतून विमानतळाकडे गेली, आणि दोन दिवसांनी वैजयंतीला ऑपरेशनला आत नेलं.

ऑपरेशन दिवसभर चाललं. हृदय थांबवून, यंत्रावर ठेवून, उरलेली गाठ काढली. भिंतीला तिचाच नवा तुकडा शिवला. आतड्याचा वीतभर भाग काढून टोकं जोडली. संध्याकाळी डॉ. आवटी बाहेर आले, टोपी काढली आणि म्हणाले, "चाललंय. स्वतःचं स्वतः चाललंय."

सगळंच मनासारखं झालं नाही. नवा तुकडा टिकला, पण हृदयाचा जोर पूर्वीसारखा आला नाही. जिने चढताना वैजयंतीला मध्ये थांबावं लागायचं. महामंडळाच्या वैद्यकीय तपासणीत प्रवासी गाडीसाठी ती अपात्र ठरली. तपासणाऱ्या डॉक्टरांनी ते हळू आवाजात सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "मोठ्यानं सांगा, मला ऐकू येतं." घरी आल्यावर मात्र ती दार लावून पडून राहिली. संग्रामने दारावर थाप मारली नाही. आजारात ती एवढी कधी रडली नव्हती.

आगाराने शिकवण्याचं काम मात्र तिच्याकडेच ठेवलं, पण आता स्वतः न चालवता. चालकाच्या शेजारच्या सीटवर बसून, हात मांडीवर ठेवून. आधी तिला ते जमेना. समोर वळण आलं की तिचेच हात उचलले जायचे. हळूहळू जमलं. मुली म्हणायच्या, मॅडम आता पूर्वीपेक्षा जास्त ओरडतात.

उन्हाळ्याच्या तोंडावर डॉ. मुजावर स्वतः मलकापूरला आल्या. खानावळीत बसून त्यांनी थाळी जेवली, वाढप्याला दोनदा नको म्हटलं आणि दोन्ही वेळा ताटात पडलेलं संपवलं. मग म्हणाल्या, "ओडिशाचे गणिताचे मास्तर परत शाळेत रुजू झालेत."

संग्रामने हातातला वाढायचा डाव खाली ठेवला. "आमच्या पेशींनी?"

"तुमच्याच. आणि त्या नकाशावरून बनवलेल्या पेशींची कृती आम्ही सगळ्यांना मोकळी करतोय. कुणीही बनवावी, कुणाची मालकी नाही. आजार इतका दुर्मिळ आहे की ह्यासाठी कुठली कंपनी पुढे आली नसती. आता त्याची गरज नाही. फक्त त्याला नाव द्यायचंय. नियमाप्रमाणे आकडे आणि अक्षरं देता येतात. पण मला वाटलं, नाव तुम्ही द्यावं."

"तिचंच द्या," संग्राम म्हणाला. "वैजयंती."

"नको बाई," वैजयंती म्हणाली. "लोक रक्त तपासायला जातील आणि माझं नाव घेतील. आणि एकटीच्या रक्तावर कुठं वाढल्यात त्या? अर्धं रक्त आगाराचं होतं." तिने जरा विचार केला. "आंबा ठेवावं म्हटलं तर जग फळ समजेल. मलकापूर ठेवा."

"बुलढाण्याचं मलकापूर का म्हणून विचारतील," संग्राम म्हणाला.

"विचारू देत. सांगू की, शाहूवाडीचं."

पुढच्या वर्षी पुण्यात हृदयाच्या डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. डॉ. मुजावर यांनी तिघांना बोलावून घेतलं. सभागृह थंडगार होतं. वैजयंतीने शाल घेतली होती, संग्रामने लग्नात घालतात तसा कोट. स्वरालीने त्याची कॉलर नीट केली. बोलणं सगळं इंग्रजीत चाललं होतं. पडद्यावर हृदयांची चित्रं येत होती, आलेख येत होते. वैजयंतीला त्यातलं थोडं समजत होतं, संग्रामला बिलकूल नाही. तरी तो ताठ बसून होता.

मग कोरियाचे एक वृद्ध सर्जन बोलायला उभे राहिले. त्यांनी त्यांच्याकडच्या एका बाईचं स्कॅन दाखवलं, आधीचं आणि नंतरचं. आधीच्यात हृदयाच्या भिंतीला गाठ होती, नंतरच्यात नव्हती. ते काहीतरी म्हणाले आणि त्या सगळ्या परक्या शब्दांमध्ये एक शब्द आला, थोडा ओढून, थोडा वाकडा, पण ओळखू येईल असा : मलकापूर. पुढच्या वाक्यात परत आला. त्यानंतर ब्राझीलची एक डॉक्टर बोलली, तिनेही तो घेतला, तिच्या पद्धतीने.

संग्रामला राहवलं नाही. शेजारच्या खुर्चीवर एक अनोळखी गृहस्थ बसले होते, गळ्यात परिषदेचं ओळखपत्र, गोरे, परदेशी असावेत. त्यांना मराठी कळतं की नाही याचा विचार न करता तो त्यांच्याकडे झुकला आणि म्हणाला, "आमच्या गावाचं नाव आहे ते."

गृहस्थ हसले, मान हलवली.

"आणि ही," संग्रामने बायकोकडे हात केला, "ही माझी बायको. तिच्या पेशी आहेत त्या."

एरवी चारचौघांत तो असं काही बोलू लागला की वैजयंती त्याला कोपराने ढोसायची. आज तिने ढोसलं नाही. शाल खांद्यावर सारखी केली आणि त्या गृहस्थांना नमस्कार केला.